उरल्यास

९ फेब्रुवारी, रविवार

ताई,

सहा वर्षं तुला पत्र नाही, त्याबद्दल माफ कर. दरवर्षी एक सुरू केलं होतं. सहाही माझ्या रोजच्या वहीत पहिल्या परिच्छेदाशी अडकून पडली आहेत, कारण माफी नेमकी कशाची ते लिहायची वेळ आली की मी पेन खाली ठेवायचो. आजही ते बाजूला ठेवतो आणि कामाचं तेवढं लिहितो. तुझ्या फोनवर माझा नंबर चालत नाही, म्हणून पत्र.

अण्णांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दीड वर्ष झालं. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर ते बोलावल्यासारखं झालं असतं, आणि तुला एकदा बोलावून काय झालं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

ते डायलिसिसवर आहेत. सरकारी रुग्णालयाचा दुसरा मजला, जिन्याजवळचा वॉर्ड, अकरा मशीन आणि पाळीपाळीनं येणारी तेवीस माणसं. डाव्या हातात दोन शिरा जोडून दिल्या आहेत. तिथे बोट ठेवलं की आत काहीतरी गुणगुणतं. अण्णा येणाऱ्याजाणाऱ्यापुढे हात धरतात आणि म्हणतात, "ऐका, फुकट रेडिओ." आत जाताना वजन करतात, बाहेर येताना करतात. काट्यावर उभे राहून ते इन्चार्ज सिस्टरना म्हणाले, "चाळीस वर्षं क्रेनवर बसून जगाचं वजन उचललं, माझं कुणी विचारलं नाही. तुम्ही दिवसाआड विचारता." सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, पाणी कमी प्या, मग नाही विचारणार."

दिवसाआड हे आता जुनं झालं. आधी आठवड्यातून तीनदा नेत होतो, डिसेंबरपासून दोनदाच नेतो. मशीनला एक फिल्टर लागतो. हातभर लांब पारदर्शक नळी, आत केसासारखे हजारो धागे, त्यातून रक्त गाळून निघतं. तो बाहेरून येतो. प्रत्येक रुग्णाचा वेगळा असतो, त्यावर नावाची चिकटपट्टी लावून, धुऊन, पुन्हा वापरतात. पूर्वी एक फिल्टर आठ वेळा वापरायचे, आता पंधरा वेळा. पंधराव्या वेळी अण्णा घरी येतात तेव्हा त्यांचा चेहरा गेले होते तेव्हासारखाच सुजलेला असतो.

फिल्टर नाहीत, कारण मध्यवर्ती बँकेकडे परकीय चलन नाही. जे येतं ते बंदराच्या खोल धक्क्यासाठी काढलेल्या कर्जाच्या हप्त्याला जातं. तू गेलीस तेव्हा धक्क्यावर निदान दिवे तरी लागत होते. मोठी जहाजं यावीत म्हणून बांधला. मोठी जहाजं शेजारच्या बंदरात जातात. आपलं चलन निम्म्यावर आलं, म्हणजे एक पैसाही नवा न घेता कर्ज दुप्पट झालं. हप्ता चुकला तर कुणी उधारीवर तेलही देणार नाही, म्हणून हप्ता पहिला. त्यामागे सगळे रांगेत: फिल्टर, ट्रकचे टायर, पाठ्यपुस्तकांचा कागद.

मी काही मागत नाही. अण्णा दर रविवारी विचारतात, "ताईला कळवलंस का?" आणि मी दीड वर्ष "हो" म्हणत आलोय. आज ते खरं करतो आहे, एवढंच.

तुझा भाऊ


१६ मार्च, रविवार

ताई,

तुझं उत्तर आलं. "फिल्टरची कंपनी, नंबर आणि किती लागतील ते कळव. बाकी लिहू नकोस." अण्णांनी तो कागद मागून घेतला आणि चष्मा न लावताच वाचला, म्हणजे वाचल्यासारखं केलं. मग म्हणाले, "अक्षर तसंच आहे. रागातसुद्धा सरळ ओळीत लिहिते."

कंपनी आणि नंबर या पानाच्या वर लाल शाईत आहेत. पट्टीवरून उतरवून सिस्टरकडून तपासून घेतले. किती ते तू ठरव.

बाकी लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो. नको असेल तर पान इथेच दुमड.

परवा तुझ्या झडपांच्या जुन्या कारखान्यावरून गेलो. मुद्दाम गेलो, वाट तिकडची नव्हती. शटरवरची पाटी काढली आहे, पण चार स्क्रूची भोकं तशीच आहेत. शेजारचा वेल्डर भेटला. म्हणाला, "तुमच्या ताई असत्या तर या भोकांत पण बुचं मारून ठेवली असती." तुझी दोन लेथ भंगाराच्या वजनानं गेली, हे त्यानंच मला तेव्हा सांगितलं होतं.

माझं काम तू ओळखतेस. सरकारी करारांचे मूळ मसुदे परक्या भाषेत येतात, मी ते आपल्या भाषेत आणतो, म्हणजे सभागृहात मत देणाऱ्यांना कळावं कशाला मत देतोय. दरवर्षीचा आर्थिक पाहणी अहवालही माझ्याकडेच येतो. या वर्षी धक्क्याच्या कर्जापासूनचे सगळे बारा काढून टेबलावर मांडले. कर्ज घेतल्यावर पहिली तीन वर्षं वाढीचा आकडा उड्या मारतो. सिमेंट, सळई, ट्रक, मजुरी. खर्च झाला की ती वाढ धरतात. त्याच सुमारास तू परत आलीस. पाचव्या वर्षी आकडा दमतो, आणि परतफेड सुरू झाल्यावर उताराला लागतो. सरकार देशातल्याच बँकांकडून उचलायला लागतं, म्हणून तुझ्यासारख्यांना व्याज परवडेनासं होतं. पितळेच्या कांबी बाहेरून येतात, त्या दुप्पट महाग होतात. आणि पाणीपुरवठा मंडळ तुझ्या झडपा घेऊन चौदा महिने बिल देत नाही, कारण तिजोरीनं त्यांचे पैसे अडवलेले असतात. कामगार चौदा, महिने चौदा. तू म्हणाली होतीस, "महिन्याला एक याप्रमाणे घरी पाठवते, हिशेब सोपा."

त्या वर्षीच्या अहवालात याला "देयकांचे सुसूत्रीकरण" म्हटलंय. तो शब्द मी शोधला. दोन दिवस लागले होते, आणि सापडला तेव्हा मला आनंद झाला होता. वहीत तशी नोंद आहे.

अण्णा बर्फाचा एकेक खडा चोखून दिवस काढतात. पाणी अर्धा लिटरच्या वर नाही. उन्हाळा अजून लागायचाय.


२० एप्रिल, रविवार

ताई,

पार्सल मार्चअखेरीसच पोचलं. चोवीस फिल्टर, एकही फुटलेला नाही. तू प्रत्येकाभोवती जुन्या टॉवेलचा तुकडा गुंडाळला होतास. अण्णांनी ते तुकडे धुवायला टाकू दिले नाहीत.

आता जे झालं ते सांगतो, आणि शक्यतो माझी बाजू न घेता.

खोकं घेऊन वॉर्डात गेलो. सिस्टरनी मोजले. म्हणाल्या, "घरचं सामान वापरायला परवानगी आहे. आजोबांच्या नावाची पट्टी लावते आणि कपाटात कुलपात ठेवते. यांना एकट्याला वर्षभर पुरतील." मी म्हटलं, ठीक. त्या म्हणाल्या, "फक्त एक करा. बाकीच्या बावीस जणांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. मला रोज इथे उभं राहायचंय."

सकाळची पाळी चालू होती. अकरा माणसं आडवी, नळ्या लावलेली, आणि सगळ्यांचे डोळे खोक्यावर. जवळच्या खाटेवर एक शाळामास्तरीण आहे, तिशीतली. तिचा नवरा उशाशी बसला होता. त्यानं खोक्यावरचा तुझ्या हातचा पत्ता वाचला आणि मान खाली घातली.

मी सिस्टरना म्हटलं, सगळ्यांत वाटा.

सिस्टरनी दोनदा विचारलं. "नक्की? नंतर माझ्या नावानं बोंब नको." मी दोनदा हो म्हटलं. प्रत्येकाला एक नवा फिल्टर मिळाला, एक राखीव राहिला. तीन आठवडे वॉर्ड पुन्हा दिवसाआड चालला. मास्तरणीच्या नवऱ्यानं मला जिन्यात गाठून हात हातात घेतले, आणि मला पळून जावंसं वाटलं, कारण दिलं होतं ते माझं नव्हतं. तुझं होतं आणि अण्णांचं होतं. दोघांनाही मी विचारलं नव्हतं.

अण्णा घरी येऊन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "माझ्या लेकीनं मला पाठवलं होतं. तुला दानधर्म करायचा तर स्वतःच्या खिशातला कर ना, कारकून."

तुझ्या पार्सलचं वर्ष मी तीन आठवड्यांत संपवलं. हे तुला दुसरीकडून कळू नये म्हणून लिहितोय, असं वाटतं. पण दुसरीकडून कळायला दुसरं आहेच कोण? मग तू रागावावंस म्हणून लिहितोय का? तेही असेल.


४ मे, रविवार

ताई,

"मूर्खा. मी ओव्हरटाइम करून घेतले होते. कुरियरवाले आता तुमच्याकडचं पार्सल घेत नाहीत, विमान कंपन्यांची देणी थकली आहेत म्हणे. तू नेहमी दुसऱ्याच्या जिवावर चांगला होतोस." एवढं लांब पत्र तू सहा वर्षांत पहिल्यांदा लिहिलंस. शेवटचं वाक्य खोडून पुन्हा लिहिलेलं दिसतं. ते बरोबर आहे, पण पुरतं बरोबर नाही. मी दुसऱ्याच्या जिवावर वाईटही झालोय. तेच आज लिहितो.

कारखाना बंद केलास त्या दिवशी भाऊजी बॅगा भरत होते आणि तू मला ओट्याशी उभं करून विचारलंस, "तुला माहीत होतं का रे?" मी म्हटलं, "नाही."

माहीत होतं.

बारा वर्षांपूर्वीच्या धक्क्याच्या कराराचं भाषांतर माझं. त्यात पहिल्या पाच वर्षांसाठी एक शब्द आहे. मूळ भाषेतही तो गोडच आहे, कृपेचा. मी लिहिलं "सवलतीचा काळ". आपल्याकडे सवलत म्हटलं की माणसाला वाटतं, माफ. सभागृहात सगळ्यांना तेच वाटलं. पाच वर्षं फुकट. वर्तमानपत्रांनी तेच छापलं. करारात सवलत होती ती एवढीच, की मुद्दल मागणार नाहीत. व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं आणि दर सहा महिन्यांनी मुद्दलात मिसळत होतं. ते कलम एकोणीस पानं पुढे होतं. मी तेही भाषांतरित केलं होतं, शब्द न् शब्द बरोबर. पण सवलतीच्या पानावर परत गेलो नाही.

चूक दिसली ती राजपत्राची मुद्रितं तपासताना. विभागप्रमुख बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "मतदान झालं, सह्या झाल्या. आता तू काय करणार, खोडरबर घेऊन फिरणार?" मी बसलो परत जागेवर.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तुझा फोन आला. "इथलं घर विकून यावं म्हणतोय. झडपांचा कारखाना. येऊ का रे?" मी तुला काय म्हटलं ते तुझ्या लक्षात असेल. "ये. पाच वर्षं देशावर कसलाच भार नाही. हीच वेळ आहे."

असं का म्हटलं, याचा मी बारा वर्षं विचार केलाय. देशावर विश्वास होता वगैरे सगळं लिहून खोडलंय. आई नुकतीच गेली होती. घरात मी आणि अण्णा, दोघं एकमेकांना भांडी आपटून निरोप द्यायचो. मला तू हवी होतीस. रविवारी तुझ्याकडे जेवायला जायचं होतं. तेवढ्यासाठी मी तुझं घर विकायला लावलं.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण हे लिहायची घाई का झाली, तेही सांगतो. माझ्या टेबलावर दुसरा करार आलाय.

जुनं कर्ज लांबवून देणारे नवे सावकार आहेत. सही झाली की तीस दिवसांत पहिली रक्कम, आणि तिच्यातून सगळ्यात आधी औषधं, फिल्टर धरून. वॉर्डात याचीच चर्चा आहे. बदल्यात पंधरा वर्षं बंदराचं सगळं परकीय चलन त्यांच्या खात्यात जमा होणार, त्यातून हप्ता कापून घेणार, आणि शिल्लक आपल्याला देणार. मूळ मसुद्यात "शिल्लक" नंतर दोन स्वल्पविरामांच्या मधे दोन बारीक शब्द आहेत: काही असल्यास.

मी कच्च्या प्रतीत लिहिलं: "उरल्यास, ती रक्कम देशास मिळेल." बाईंनी वाचलं. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत, आणि त्या वाईट बाई नाहीत.

"अरे, 'उरल्यास' काय? भाषांतर आहे की शाप?"

"मुळात आहे, बाई."

"मुळात कोपऱ्यात उभं आहे. तू त्याला खुर्ची देऊन बसवलंस. 'उर्वरित रक्कम देशास मिळेल' लिही. चांगला शब्द आहे, सगळे वापरतात."

"'उर्वरित' म्हटलं की उरणारच असं वाटतं."

"वाटू दे की. उरेलही, कुणी सांगावं?"

सावकारांच्याच जोडपत्रात सांगितलंय. बंदराच्या आजच्या कमाईवर पंधरापैकी अकरा वर्षं काहीही उरत नाही. मी ते पान बाईंपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि सभासद बिचकले, ठराव लटकला, तर तुझ्या वडिलांचं काय, ते कुठल्या जोडपत्रात आहे?"

पक्की प्रत गुरुवारी द्यायची आहे.


८ मे, गुरुवार

ताई,

दुपारचे तीन वाजलेत. बाहेर टपालपेटी आहे, तिच्याजवळच्या बाकावर बसून लिहितोय.

काल अण्णांनी स्वतःच विषय काढला. पाळी नव्हती, खिडकीशी खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर. पायांवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो आता. हल्ली तर आठवड्यातून एकदाच नेतो. सिस्टर सांगतात, कपाटात महिन्याभराचंही नाही.

"कारकून, तुझ्या टेबलावर काय आलंय म्हणे? वॉर्डात सगळे बोलतात. मास्तरणीचा नवरा म्हणतो, तुमचा मुलगा त्या खात्यात आहे, विचारा."

खरं म्हणजे बोलायची परवानगी नाही. मी दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, क्रेनवर असताना खालून येणारा आवाज ऐकायचे तसं.

"उरल्यास म्हणजे नाहीच उरणार."

"हो."

"किती वर्षं?"

"अकरा. त्यांच्याच हिशेबानं."

"मला किती हवीत?"

मी कागदाची घडी घातली.

"दोन पुरेत. एक मिळालं तरी चालेल. पुढच्या अकराचं ज्याचं त्यानं बघावं. गोड लिही." मग म्हणाले, "असा बघू नकोस. म्हातारा मोठं मन दाखवेल, म्हणेल माझी काळजी करू नकोस, असं वाटलं होतं ना तुला? मला नाही जमत ते. झोपताना छातीत पाणी चढतं रे. बुडल्यासारखं होतं. बंदरावर दोघांना बुडताना बघितलंय मी. मला भीती वाटते."

मी म्हटलं, "बरं, अण्णा."

"गोड लिहिशील?"

"लिहीन."

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. लहानपण सोडल्यास त्यांनी मला कधी हात लावल्याचं आठवत नाही.

आज सकाळी ऑफिसात दोन प्रती तयार केल्या. एकीत उर्वरित, एकीत उरल्यास. बाकी एकशे बारा पानं सारखीच. अकरा वाजता बाईंच्या टेबलावर गेलो तेव्हा दोन्ही हातात होत्या आणि कुठली देणार ते मला, खरंच सांगतो, माहीत नव्हतं. बाईंनी हात पुढे केला. मी "उरल्यास" दिली.

त्यांनी ते पान काढलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना वाटलं असतं तर तिथेच खोडता आलं असतं, अधिकार त्यांचा. त्या म्हणाल्या, "सही माझी जाणार, तुझी नाही. लक्षात आहे ना?" मी हो म्हटलं. त्यांनी सही केली. पेन माझ्याकडे देताना म्हणाल्या, "घरी काय सांगशील?" मग लगेच, "नको, मला सांगू नकोस."

जिना उतरताना मला हलकं वाटलं. ते खालच्या मजल्यापर्यंत टिकलं. फाटकाशी येईपर्यंत लक्षात आलं की मी बारा वर्षांपूर्वीचा माझा एक शब्द दुरुस्त केला आणि त्याची किंमत अण्णांच्या छातीतून काढली. रविवारी तुला सगळं कबूल केलं नसतं, तर आज मी हेच केलं असतं का? की तुझ्या नजरेत एकदा तरी सरळ उभं राहावं, म्हणून अण्णांना पणाला लावलं? तुझं ते खोडून लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचलं.

अण्णांना अजून वाटतंय मी गोड लिहिलं.


१३ मे, मंगळवार

ताई,

काल ठराव सभागृहात आला. आम्हा भाषांतरवाल्यांना मागच्या बाकावर बसवतात, शब्दाचा खुलासा लागला तर. तासभर सगळं सुरळीत चाललं. मग मागच्या रांगेतले एक वयस्कर सभासद उठले. ते कधी बोलत नाहीत. मी त्यांना आजवर डुलक्या घेतानाच पाहिलंय. कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी ते एकच वाक्य वाचलं आणि विचारलं, "उरल्यास म्हणजे काय? आणि नाही उरलं तर?"

कुणी हसलं. मग कुणी हसेना. वित्तमंत्री म्हणाले, हा भाषेचा प्रश्न आहे. दुसऱ्या बाजूनं कुणी ओरडलं, "मग भाषेत उत्तर द्या!" जोडपत्र मागवलं गेलं. अकरा वर्षांची ती रिकामी ओळ एकेकानं पाहिली. संध्याकाळी पाचला ठराव समितीकडे गेला. समितीला जूनअखेरपर्यंत मुदत.

मी जूनअखेरपर्यंतचे आठवडे मोजले, सात.

ठराव थांबला हे चांगलं झालं का, ते मला ठरवता येत नाही. समिती कदाचित दोन ओळी बदलून घेईल. कदाचित सावकार उठून जातील आणि मग जुलैतही काही येणार नाही. बारा अहवालांत कुठेही असं पान नाही की जिथे मास्तरीण आणि पुढची अकरा वर्षं एकाच रकान्यात मांडली आहेत.

आज सकाळी वॉर्डात गेलो, पाळी विचारायला. सिस्टरनी मला कपाट उघडून दाखवलं. सांगून भागलं असतं, पण त्यांनी दाखवलं. मग म्हणाल्या, "उद्या बुधवारी घेते आजोबांना. त्यानंतरची पाळी आता लिहून देत नाही." मास्तरणीचा नवरा जिन्यात होता. म्हणाला, "साहेब, तुम्ही आतले ना, कोणी घातला हो तो शब्द? एवढं हातातोंडाशी आलेलं." मी म्हटलं, मला कल्पना नाही. बघ, तोंड कसं सरावलेलं आहे.

घरी आलो तर अण्णांनी रेडिओवर सगळं ऐकलं होतं. उशांना टेकून बसले होते; आडवं होता येत नाही. वाक्य तुटत तुटत बोलतात.

"तू गोड लिहिलं होतंस ना?"

मी त्यांच्या पायाशी बसलो होतो. पायमोजा काढत होतो. सूज अशी की विणीचे ठसे कातडीवर उमटलेत.

"म्हणजे त्या बाईनं बदललं," अण्णा म्हणाले. "तिची सही आहे म्हणे. मला माहीत होतं. निवृत्तीला आलेली माणसं अशीच, जाताना खुर्चीला खिळे ठोकून जातात. तिला बाप नाही का रे? तिचं वाटोळं होईल. तू काही बोलला नाहीस तिला?"

मी दुसरा मोजा काढला.

"नाही बोललास. तू कुठला बोलणार. जाऊ दे." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, ताई. माझी कीव आल्यासारखा. "तू केलंस तुझ्याकडून."

बाईंना आज वरून बोलावणं आलं होतं. दुपारी परत आल्या आणि टेबलाचे खण आवरायला लागल्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "आता नको. तुझी दया यायला लागली तर मला राग येणार नाही, आणि मला आत्ता राग हवाय." मी वर लेखी दिलंय की शब्द माझा. लिफाफा पोचवून पोच घेतली. ते सोपं गेलं. तिथे मला कोणी बापासारखं विचारत नव्हतं.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, काही मागत नाही. आता मागतो. तू ये. फिल्टर आणता आले तर आण, नाही आणता आले तरी ये. माझ्याशी बोलू नकोस. मी मागच्या खोलीत राहीन, किंवा वेल्डरकडे. ते दर रविवारी विचारतात आणि आता मी खरंच कळवलेलं असतं, तरी त्यांना ते खोटं वाटायला लागलंय. जूनअखेरपर्यंत थांबू नकोस. मे महिन्यातच ये.

आणि आलीस की माझं नाव घेऊन त्यांनी जे बोलावं ते बोलू दे. मधे पडू नकोस. ते दुसऱ्या बाईला शिव्या देत जावेत, आणि मी पायमोजे काढत ते ऐकत राहावं, एवढं मला जमणार नाही. जमेल, हीच भीती आहे. बारा वर्षं तुझ्या बाबतीत जमलंच की.

उद्या साडेसातला पाळी. मशीनला लावलं की चार तास त्यांना हलता येत नाही, ऐकावंच लागेल. पण बांधून घातलेल्या माणसाला सांगणं बरं नाही. त्याआधी, वजनकाट्याकडे नेताना, ते स्वतःच्या पायांवर उभे असताना.

उद्याचं काम: अण्णांना सांगायचं, तो शब्द बाईंचा नाही, माझा.